वाट वाकडी करणारा कॅमेरा

पॉल-हेन्री शोंबार द लोव या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पॅरिसविषयीच्या अभ्यासात एक नकाशा आहे. शहराच्या सधन सोळाव्या विभागात राहणारी एक विद्यार्थिनी वर्षभरात कुठे कुठे गेली, ते त्यात रेघांनी दाखवलं आहे. या रेघा एकमेकींवर बसत गेल्या आणि त्यातून एक ठसठशीत त्रिकोण उमटला. त्रिकोणाच्या एका टोकाला तिचं घर, दुसऱ्या टोकाला राज्यशास्त्राचं विद्यालय, तिसऱ्या टोकाला पियानोची शिकवणी. उरलेल्या पॅरिसशी तिचा जवळपास संबंधच आला नव्हता.

आज पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या कुणी आपल्या मोबाइलमधून वर्षभराच्या फिरण्याचा माग काढला, तर याहून फार वेगळं चित्र दिसेल असं नाही. हॉस्टेल, कॉलेज, खानावळ. किंवा डोंबिवली, दादर, कॉलेज आणि परत डोंबिवली. फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यापुढे यातून फार मोठी अडचण उभी राहते. रोजच्या रस्त्यावरचं काहीच त्याच्या नजरेत भरत नाही, आणि नव्या ठिकाणी तो जातो ते ठिकाण आधी इन्स्टाग्रामवर शंभरदा पाहून. म्हणजे तिथे पोचण्याआधीच फ्रेम ठरलेली असते. या अडचणीवर पॅरिसमधल्या काही तरुणांनी सत्तर वर्षांपूर्वी एक उपाय काढला होता. त्यांच्यापैकी बहुतेक जण फोटोग्राफर नव्हते, पण त्यांची रीत पुढे कॅमेरा हाती घेतलेल्यांच्या फार कामाला आली.

हेतूविना, पण नियमाने

सोळाव्या विभागातल्या त्या मुलीचा नकाशा गी दबोर या पंचविशीतल्या तरुणाच्या मनाला लागला. कुणाचं आयुष्य इतक्या थोडक्या जागेत कोंडलेलं असावं, याची चीड त्याने लिहून व्यक्त केली. दबोर आणि त्याचे सोबती सीन नदीच्या डाव्या तीरावरच्या स्वस्त कॅफेंमध्ये बसत आणि तिथून उठून शहरभर हिंडत. त्यांच्या गटाचं नाव होतं ‘लेट्रिस्ट इंटरनॅशनल’. सप्टेंबर १९५५ मध्ये दबोरने ‘ले लेव्र न्यू’ या बेल्जियन नियतकालिकात ‘सायकोजिऑग्राफी’ची मांडणी केली. मराठीत आपण तिला मनोभूगोल म्हणू. रस्ते, इमारती, चौक, उजेड, वर्दळ यांचा माणसाच्या मनावर आणि वागण्यावर नेमका काय परिणाम होतो, याचा हा शोध. चार पावलांवर रस्त्याचा नूर एकदम का पालटतो? एका गल्लीत पाय आपसूक वळतात आणि शेजारच्याच गल्लीकडे फिरकत नाहीत, ते का? मोटारींसाठी पॅरिस नव्याने आखू पाहणाऱ्या नगररचनाकारांच्या आराखड्यात या प्रश्नांना जागा नव्हती.

हा शोध घेण्याच्या पद्धतीला त्यांनी ‘देरीव्ह’ असं नाव दिलं. प्रवाहाबरोबर वाहत जावं, तसं शहरात हिंडायचं. त्यालाही नियम होते. घराबाहेर पडण्याची नेहमीची कारणं, म्हणजे काम, भेटीगाठी, खरेदी, तेवढ्या वेळापुरती बाजूला ठेवायची. एकटं फिरायला हरकत नाही, पण दोघा-तिघांचा गट उत्तम, कारण मग प्रत्येकाला काय वाटलं ते एकमेकांशी ताडून पाहता येतं. अवधी साधारण एक दिवस, म्हणजे दोन झोपांमधला वेळ. दबोरचं म्हणणं असं की यात योगायोगाचा वाटा आपल्याला वाटतो तेवढा नसतो. शहराला स्वतःचे उतार आणि प्रवाह असतात. काही जागा माणसाला ओढून घेतात, काही आत शिरू देत नाहीत आणि काहींमधून बाहेर पडणं जड जातं. सवयीचा लगाम सुटला की हे सगळं जाणवू लागतं. त्यासाठी वाटेल ते उपाय चालत. दबोरचा एक मित्र लंडनचा नकाशा हातात धरून, त्यात सांगितलेल्या दिशांनी, जर्मनीतल्या हार्त्स पर्वताच्या प्रदेशात फिरून आला होता.

या भटकंतीतून जे सापडलं त्याचा नकाशा दबोर आणि डॅनिश चित्रकार आस्गर यॉर्न यांनी १९५७ मध्ये केला. पॅरिसच्या छापील नकाशातून त्यांनी १९ तुकडे कापले आणि कोऱ्या कागदावर सुटे सुटे चिकटवले. प्रत्यक्षात जवळ असलेले भाग कधी लांब गेले, कधी तिरके झाले. मधली वस्ती गायब झाली. तुकड्यांना जोडतात ते लाल बाण. कोणत्या भागातून चालणाऱ्याची पावलं कोणत्या भागाकडे ओढली जातात, ते हे बाण सांगतात. या नकाशाचं नाव ‘द नेकेड सिटी’. ते आलं न्यूयॉर्कवरच्या १९४८ च्या एका हॉलिवूडपटावरून, आणि त्या चित्रपटाचं नाव आलं होतं वीजी या वृत्तछायाचित्रकाराच्या १९४५ च्या पुस्तकावरून. वीजी पोलिसांचा रेडिओ ऐकत रात्री-बेरात्री न्यूयॉर्कभर मोटार पळवायचा आणि आगी, अपघात, खून यांचे फोटो काढायचा. मनोभूगोलाच्या सगळ्यात गाजलेल्या नकाशाचं नाव असं एका फोटोग्राफरच्या रात्रपाळीपर्यंत जाऊन पोचतं.

कॅमेरा आधीपासूनच रस्त्यावर होता

दबोरच्या किती तरी आधी पॅरिसमध्ये एक माणूस हेच करत होता. यूजेन आत्झे आधी खलाशी होता, मग नाटकात नट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो जुन्या पॅरिसचे फोटो काढत राहिला. लाकडी तिपाई, भात्याचा कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा एवढं ओझं वागवत तो बऱ्याचदा भल्या पहाटे निघे. गल्लीबोळ, दारांच्या कड्या, जिने, दुकानांच्या पाट्या, चिंध्या गोळा करणाऱ्यांच्या झोपड्या, असं काहीही त्याला वर्ज्य नव्हतं. आपण कला करतो असा त्याचा दावा नव्हता. चित्रकारांना संदर्भासाठी आणि संग्रहालयांना दप्तरासाठी तो प्रिंट विकायचा. पण रिकाम्या रस्त्यांच्या त्याच्या फोटोंमध्ये काहीतरी घडून गेल्याची किंवा घडणार असल्याची चाहूल लागते. सर्रिअ‍ॅलिस्ट मंडळींनी ती ओळखली आणि १९२६ मध्ये आपल्या मासिकात त्याचे फोटो छापले. त्याच्या मृत्यूनंतर बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी त्याच्याकडे उरलेल्या प्लेटा आणि प्रिंट विकत घेऊन जपल्या. १९६८ मध्ये हा संग्रह न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’कडे गेला.

विद्यार्थ्याने चालण्यालाच कलाकृती केलं, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १९६७ मध्ये रिचर्ड लाँग लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होता. कॉलेजच्या शिल्पकला विभागावर तेव्हा अँथनी कॅरो यांच्या रंगवलेल्या पोलादी शिल्पांचा दबदबा. बावीस वर्षांच्या लाँगने विल्टशायरमधल्या एका गवताळ शेतात जाऊन सरळ रेषेत ये-जा सुरू केली. गवत दबून ती रेषा उन्हात चमकू लागेपर्यंत तो चालत राहिला. मग त्याने तिचा एक कृष्णधवल फोटो काढला. गवत पुन्हा उभं राहिलं आणि ‘अ लाइन मेड बाय वॉकिंग’ नावाने तो फोटो तेवढा मागे राहिला. त्यात माणूस नाही. पण त्याचं चालणं आहे.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला अमेरिकन कलावंत रॉबर्ट स्मिथसन न्यूयॉर्कहून बस पकडून न्यू जर्सीतल्या पसेइक या आपल्या जन्मगावी गेला. सोबत साधा इन्स्टामॅटिक कॅमेरा. महामार्गाचं बांधकाम चाललेल्या त्या गावात त्याने नदीत सांडपाणी ओतणारे पाइप, पंपाचा सांगाडा, जुना पूल, मुलांच्या खेळण्यासाठी केलेला वाळूचा चौक यांचे फोटो काढले आणि त्यांना सरळ ‘स्मारकं’ म्हटलं. डिसेंबरमध्ये ‘आर्टफोरम’ मासिकात आलेला हा फोटोलेख आजही कलाशाळांमध्ये वाचला जातो. विषयासाठी वाराणसी-पुष्कर गाठण्याची गरज नाही, हे विद्यार्थ्याला पटवून द्यायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

जपानमध्ये दाइदो मोरियामा गेली अनेक दशकं खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेऊन तोक्योच्या शिंजुकू भागात हिंडत आला आहे. अनेकदा व्ह्यूफाइंडरला डोळा न लावताच तो फोटो काढतो. दाणेदार, हललेले, धूसर असे ते फोटो असतात. १९७१ मध्ये मिसावा गावात टिपलेला, मान वळवून रोखून पाहणारा भटका कुत्रा हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध फोटो आणि त्याची ओळखही.

भटकायची मुभा कुणाला

या सगळ्या गोष्टीत एक प्रश्न दडलेला आहे. हेतूविना हिंडणारे बहुतेक जण पुरुष आहेत आणि आपापल्या शहरात त्यांना कुणी अडवत नाही.

अब्देलहाफिद खातिब या अल्जीरियन तरुणाला मात्र अडवलं गेलं. १९५७ मध्ये दबोरचा गट ‘सिच्युएशनिस्ट इंटरनॅशनल’मध्ये विलीन झाला होता. या संघटनेसाठी खातिबने १९५८ मध्ये ‘ले आल’ या पॅरिसच्या मुख्य बाजारपेठेचा मनोभौगोलिक अभ्यास हाती घेतला. बाजार रात्रीचा भरे, म्हणून पाहणीही रात्रीच करावी लागे. मालाचे ट्रक आणि भाजीच्या खोक्यांचे ढीग दर रात्री वाटा बदलून टाकत, याची त्याने नोंद केली. पण तेव्हा अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं आणि त्या सप्टेंबरपासून उत्तर आफ्रिकी लोकांना रात्री साडेनऊनंतर रस्त्यावर यायला पोलिसांनी बंदी घातली. खातिबला दोनदा पकडून रात्रभर कोठडीत ठेवलं. अभ्यास अर्धवट राहिला आणि संघटनेच्या मुखपत्रात तो तसाच, कारणासह छापला गेला.

मुंबईत हा प्रश्न शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी लावून धरला. ‘पुकार’ या संस्थेच्या प्रकल्पातून त्यांनी शहरातल्या स्त्रियांच्या वावराचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर असते तेव्हा तिला काहीतरी काम असल्याचं सतत दाखवावं लागतं, हे त्यांचं निरीक्षण मुंबईकर बायकांना सांगायला नको. हातात पिशवी असते, कानाला फोन असतो, चाल झपाझप असते. पुरुष नाक्यावर टपरीला टेकून तासभर उभा राहिला तर कुणी बघत नाही. बाई पाच मिनिटं थांबली की नजरा वळतात. स्त्रियांना नुसतं रेंगाळण्याचा हक्क हवा, असं या लेखिका ठामपणे मांडतात.

फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत कॅमेरा इथे दोन्ही बाजूंनी काम करतो. गळ्यात कॅमेरा असला की ‘इथे काय करतेस?’ याचं उत्तर तयार असतं. पण त्याच कॅमेऱ्यामुळे चारजण भोवती गोळा होतात आणि ‘कोणत्या पेपरातून आलात? फोटो कुठे छापणार?’ सुरू होतं. म्हणून दोघी-तिघींनी मिळून निघणं हा दबोरचा नियम इथे वेगळ्याच कारणाने उपयोगी पडतो.

दुसरी बाजू ज्यांचा फोटो काढायचा त्यांची. फ्रेंच कलावंत सोफी काल हिने १९८० मध्ये जेमतेम ओळख असलेल्या एका पुरुषाचा पॅरिसहून व्हेनिसपर्यंत पाठलाग केला. सोनेरी केसांचा टोप घालून, त्याच्या नकळत त्याचे फोटो काढत, रोजच्या नोंदी ठेवत. ते काम कलेच्या इतिहासात गेलं, पण त्यातला संमतीचा प्रश्न आजही तितकाच टोचतो. नवख्याने तरी चेहऱ्यापेक्षा जागेपासून सुरुवात करावी. आणि माणूस फ्रेममध्ये येणारच असेल तर आधी दोन शब्द बोलावेत.

तांबट आळीचा आवाज

मराठीला हा विषय अगदीच परका नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ साली आलं. शहरातल्या वस्त्या, बाजार, रस्ते, लोकांचे व्यवहार यांचा मराठीत पुस्तकभर घेतलेला हा पहिला धांडोळा. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात कवी शार्ल बोदलेरचा, गर्दीत रमणाऱ्या भटक्या निरीक्षकाविषयीचा निबंध आला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण पॅरिसमध्ये तेव्हा ओसमान या प्रशासकाच्या हुकमाने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले जात होते आणि मुंबईत किल्ल्याचा तट पाडायला घेतला होता. शहर हातातून निसटतंय असं दिसलं की कुणीतरी ते पायी हिंडून नोंदवायला बसतं. आत्झेच्या, दबोरच्या आणि खातिबच्या मागेही तेच होतं.

आजच्या विद्यार्थ्याला याची तालीम कशी करता येईल? सुरुवातीला एक लहानसा नियम पुरे. पहिल्या वळणाला डावीकडे, पुढच्या दोन वळणांना उजवीकडे आणि पुन्हा पहिल्यापासून. किंवा दिवसभर फक्त उताराच्या दिशेने. किंवा एका रंगामागे. लेन्स एकच, शक्यतो ३५ किंवा ५० मिलिमीटरची, आणि फोटो छत्तीसच, फिल्मच्या एका रोलइतके. फोन पिशवीत. खिशात वही. फोटो काढला नाही तरी कुठे थांबावंसं वाटलं, कुठे पाय उचलले, कुठे वास किंवा आवाज बदलला, ते लिहायचं.

पुण्यात कसबा पेठेत असं फिरणाऱ्याला तांबट आळी दिसण्याआधी ऐकू येते. तांब्याच्या पत्र्यावर पडणारे हातोडीचे ठोके बोळाच्या तोंडाशीच कानावर येतात आणि पावलं तिकडे वळतात. हाच दबोरचा लाल बाण. आता खरी परीक्षा, कारण आवाजाचा फोटो निघत नाही. विद्यार्थ्याला त्याची दृश्य खूण शोधावी लागते. मठारलेल्या भांड्यावर ओळीने उठलेल्या खळ्या जवळून पाहिल्या, तर एकेक खळी म्हणजे एकेक ठोका. तिरप्या उजेडात त्या उठून दिसतात आणि सपाट उजेडात पार नाहीशा होतात. म्हणजे त्या ठिकाणी दुपारी नाही, ऊन कलल्यावर परत यायला हवं. ठरवून गेलेला फोटोग्राफर कारागिराचा चेहरा आणि उगारलेला हातोडा घेऊन परत येतो. आवाजामागे गेलेला विद्यार्थी या खळ्यांपर्यंत पोचतो.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून मोहम्मद अली रोडने जे. जे. रुग्णालयाकडे निघालं की डोक्यावर उड्डाणपूल सुरू होतो. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पूल २००२ मध्ये खुला झाला. वरून जाणाऱ्याला हे शहर म्हणजे वरच्या मजल्यांच्या खिडक्या आणि वाळत घातलेले कपडे. खालून चालणाऱ्याला भर दुपारीही सावली, अत्तराची आणि मिठाईची दुकानं, हातगाड्या आणि पुलाच्या खांबांमध्ये लावलेल्या दुचाक्या. एकाच रस्त्याची ही दोन शहरं एकमेकांना पाहतसुद्धा नाहीत. चालता चालता पूल कुठे डोक्यावरून सरकतो आणि अंगावर ऊन येतं, तिथे माणसांची चाल बदलते का, हे पाहणं हा एका दिवसाचा अभ्यास होऊ शकतो.

आणि प्रत्येक वेळी चालायलाच हवं असंही नाही. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक ऑक्टोबर १९७४ मध्ये तीन दिवस पॅरिसच्या सँ-सुल्पिस चौकात बसून राहिला आणि बस, कबुतरं, छत्र्या, येणारे-जाणारे असं दिसेल ते लिहीत गेला. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी राहिलेले कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षं काळा घोड्याच्या ‘वेसाइड इन’मध्ये खिडकीशी बसत. समोरच्या वाहतूक बेटावरचं जग त्यांच्या २००४ च्या ‘काला घोडा पोएम्स’मध्ये उतरलं आहे.

भटकून परतल्यावर

मनोभूगोलावर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. शहर मनावर कसा परिणाम करतं याचे नेमके नियम शोधण्याचा दावा दबोरने केला होता. ते नियम काही सापडले नाहीत. १९६० च्या दशकात त्याचं स्वतःचं लक्ष राजकारणाकडे वळलं. गटातली शिस्तही कडक होती. राल्फ रमनी या इंग्रज चित्रकाराने व्हेनिसची मनोभौगोलिक मार्गदर्शिका फोटो आणि मजकुराच्या पट्ट्यांतून तयार केली. पर्यटकांच्या व्हेनिसला बगल देऊन, एका लेखकमित्राला गल्लीबोळांतून फिरताना त्याने टिपलं होतं. काम पोचायला उशीर झाला म्हणून १९५८ मध्ये त्याला संघटनेतून काढून टाकलं. त्याचं काम मात्र आज फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याला दबोरच्या सिद्धांतापेक्षा जास्त शिकवून जातं, कारण त्यात एक फोटो सुटा उभा राहत नाही. वळणामागून वळण यावं तसा फोटोमागून फोटो येतो.

भटकंतीचं काम होतं ते इथे, कॉन्टॅक्ट शीटसमोर. छत्तीस फोटोंतले देखणे पाच निवडले की पोस्टकार्डं तयार होतात. त्याऐवजी सगळे फोटो चाललेल्या क्रमाने मांडावेत, वहीतल्या नोंदी शेजारी ठेवाव्यात आणि कुठे पाय अडखळला, कुठे वेग वाढला ते शोधावं. मग कापाकापी करून क्रम बदलावा, दबोर-यॉर्ननी नकाशाचे तुकडे हलवले तसा. वर्गात काम दाखवताना ‘फोटो छान आहे’ यापेक्षा ‘या कोपऱ्यावर तू डावीकडे का वळलास?’ हा प्रश्न शिक्षकाने विचारावा. त्याचं उत्तर फोटोंमधून देता आलं तर मालिका उभी राहिली.

शेवटचं काम म्हणजे प्रिंटमागे जागा, तारीख, वेळ लिहिणं. ‘ले आल’चा बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजीसला हलला आणि १९७१ पासून त्याचे लोखंडी मंडप पाडले गेले. खातिबची अर्धवट नोंद आता त्या बाजाराच्या रात्रींची साक्ष झाली आहे. मोहम्मद अली रोडला लागून असलेल्या भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर जुन्या इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत. गेल्या वर्षीची वाट यंदा पत्र्यांनी बंद असते आणि तिच्या शेजारून नवी फुटलेली असते. तोच नियम, तीच लेन्स घेऊन दर सहा महिन्यांनी तिथे जाणारा विद्यार्थी चार वर्षांच्या अभ्यासक्रमात शहराच्या एका कोपऱ्याचे आठ नकाशे जमवू शकतो. असं काम मुंबईच्या एखाद्या ग्रंथालयाने किंवा संग्रहालयाने मागून घ्यावं. आत्झेकडून पॅरिसच्या संग्रहालयांनी ते पैसे मोजून घेतलं होतं.